सांडव्यावरचं घर

वासू,

तुझ्या मागे पिठात बेडकाचं पाऊल उमटलं. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही. भेटायला येणाऱ्या सगळ्यांनी तुला थेट वैकुंठाला पोचवून दिलं आहे, तिथून परत बेडकापर्यंत आणायला कोण तयार होईल? म्हणून मी सांगतो.

तुला ज्या जागी ठेवलं होतं, तिथं, तुझ्या हॉलमध्ये टीव्हीखालच्या फरशीवर, बायांनी रीतीप्रमाणं दिवा लावला. शेजारी पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलायची आणि पाहायचं, पाऊल कोणाचं आहे. गेलेला माणूस त्या जन्माला गेला असं धरायचं. शकूताई, तुझी मोठी बहीण, गुडघ्यावर बसली, टोपली बाजूला केली आणि हुंदका देऊन म्हणाली, "मोर! माझा भाऊ मोर झाला वं!"

माझी बायको मंदा पुढं वाकली. "येवढासा मोर असते काय, ताई? चिमणी असन."

"माझा भाऊ चिमणी कायले होईन? येवढ्या मोठ्या लेआउटचा मालक!"

शेवटी काकाजींना बोलावलं. तुझे वडील काठी टेकत आले, चष्मा न लावता वाकले, आणि म्हणाले, "बेडूक आहे." मग परत जाऊन खुर्चीवर बसले.

मला हसू आलं, वासू. फार आलं. तोंडात दुपट्ट्याचं टोक कोंबून मी मागच्या अंगणात गेलो, आणि लोकांना वाटलं गजाभाऊ रडून राहिला. दोघंजण येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले. तुझ्या लेआउटमध्ये, सगळ्या गोकुळ नगरीत पाणी भरलं होतं, बेडकांना कोरडी जागा एकच होती, तुझा हॉल. पाण्यानं भरलेली बोडी बुजवणारा माणूस बेडूक होऊन आला, आणि पाहतो तर बोडीही परत आलेली. तू जिवंत असतास तर ही गोष्ट मी तुलाच आधी सांगितली असती आणि तू मला घराबाहेर काढलं असतंस.

आपल्या खानदानात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं. म्हणजे लग्नात जेवण उशिरा असलं की मला पुढं करायचं, आणि पंगत बसली की गप्प करायचं. माझ्या किराणा दुकानात माणूस मिठाचा पुडा घ्यायला येतो आणि माझी गोष्ट ऐकून मीठ न घेताच जातो. तू तर ऐकायच्या आधीच हात वर करायचास. "गज्या, गोष्ट नको बनवू." त्या शेवटच्या दुपारीही तू हेच म्हणालास. बरं, बनवत नाही. झालं तेच सांगतो. तेच पुरेसं वाईट आहे.

आपल्या बोडीला बाहेरचा माणूस लहानसा तलाव म्हणेल. तिन्हीकडून उतरत येणारी जमीन, चौथ्या बाजूनं मातीची पाळ, आणि पाळीच्या टोकाला दगडांचा सांडवा. बोडी भरली की जास्तीचं पाणी सांडव्यावरून खाली जायचं, एवढं सोपं. धानासाठी पणजोबांनी बांधलेली. त्याच बोडीत तू मला पोहायला शिकवलंस. शिकवलंस म्हणजे कमरेला वाळका भोपळा बांधला आणि ढकलून दिलं. मी बोंबललो तर म्हणतोस, "अबे, तोंड बंद कर, पाणी जाईन." भोपळ्याची दोरी सुटली आणि मी खरंच खाली जायला लागलो, तेव्हा केसांना धरून ओढून काढणाराही तूच. त्या दिवशी तू बोडीचं निम्मं पाणी प्यालास. हे मी विसरलो नाही. आणि जिथं मी बुडत होतो त्याच जागी पुढं तू मला प्लॉट दिलास, तेही विसरलो नाही.

तो प्लॉट माझ्या वाट्याच्या पाण्याच्या बदल्यात होता. हायवे रुंद झाला, भंडाऱ्याची नोकरदार माणसं घरासाठी शहापूरकडं यायला लागली, आणि तुला दिसलं की बोडीत आता मासोळ्यांपेक्षा माणसं जास्त राहू शकतात. मुरमाचे टिप्पर सुरू झाले. मी काय केलं? मी विचारलं, "कोपऱ्याचा मिळन काय? पूर्वेचं दार पाहिजे." मी कोणी पाण्याचा कैवारी नव्हतो, वासू. घर झालं, वास्तू झाली, पाय पसरून बसायला ओटा झाला, आणि मग त्या ओट्यावर बसून मी निसर्गाबद्दल बोलायला लागलो. तू चारचौघांत म्हणायचास, "आमच्या गज्याले स्लॅब पडल्यावर बोडी आठवली." लोक हसायचे. मीही हसायचो, कारण वाक्य चांगलं होतं.

नाव तू ठेवलंस गोकुळ नगरी. वासुदेवानं वसवलेलं गोकुळ. त्या वासुदेवाला यमुनेनं वाट करून दिली, तू मात्र पाण्याचीच वाट, सांडवा, अडवून वर घर बांधलंस. कारण सगळ्या जागेत टणक जमीन तेवढीच होती. बाकी सगळा भरलेला मुरूम, खाली जुना गाळ, आणि सांडव्याचे दगड मात्र पणजोबांनी बसवलेले, हलता हलत नव्हते. पायव्याचा अर्धा खर्च वाचला म्हणून तू पेढे वाटलेस. पाळ पण तू तशीच ठेवलीस, तिच्यावर ओळीनं अशोक लावलेस, बाकडी टाकलीस, आणि तिला जॉगिंग ट्रॅक म्हणालास.

काकाजींनी तुला सगळ्या कामात एकदाच अडवलं. "बोडी बुजवतो तं बुजव. मी म्हतारा झालो, मले कोण पुसते. पण सांडव्यावर नको बांधू."

तू म्हणालास, "तलावच नाही तं सांडवा कायचा, बाबा?"

आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत जास्त मी. सांडवा म्हणजे जे सांडते त्याची जागा, आणि सांडायलाच काही उरलं नाही तर जागा कशाला ठेवायची? वकिलाला सुचलं नसतं असं उत्तर होतं. काकाजींनी तोंड फिरवलं आणि सांडव्याखालच्या आपल्या धानाच्या बांध्यांकडं निघून गेले. तेवढं शेत त्यांनी तुला दिलं नव्हतं, मरेपर्यंत धान लावीन म्हणाले होते.

पहिल्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या. बोडी होती तोवर आसपासच्या विहिरींना तळ दिसला नव्हता, आता बोअरमधून धूळ यायची. ज्या जागी आपण डुंबलो तिथं पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, आणि पूर्वेच्या दारासमोर गुंड-घागर घेऊन मी रांगेत. त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुझ्या मरणापर्यंत चाललं. मी म्हणायचो, "रस्ता सिमेंटचा, नाली सिमेंटची, अंगणात गट्टूची फरशी. थेंबभर पाणी जमिनीत जाईन अशी हातभर जागा तरी ठेव."

"तुले चिखलातून घरी यायचं आहे काय?"

"बगिच्यासाठी जागा दाखवली होती नकाशात, ती कुठं गेली?"

"तिथं मंदिर झालं. देवळाले नाही म्हणू?"

आणि मग तू तो एक प्रश्न विचारायचास. "लांजेवार गुरुजी जन्मभर भाड्याच्या खोलीत राह्यले. त्याइच्या मायले खिडकीवाली खोली कोणं देल्ली? तुह्या गोष्टीनं देल्ली काय?" गुरुजींची म्हातारी पहिल्या दिवशी त्या खिडकीत बसून लहान पोरीसारखी रस्ता पाहत होती, मी पाहिलं आहे. तू वाईट माणूस असतास तर हे लिहिणं किती सोपं झालं असतं! तू लोकांना घरं दिलीस. फक्त ती बोडीच्या पोटात दिलीस.

मग या वर्षीचा पाऊस. धान निसवायच्या, लोंब्या धरायच्या वेळेला लागला आणि थांबेचना. तिन्हीकडचं पाणी उतरून आलं, जसं पणजोबांच्या काळी यायचं, आणि पाळीला टेकून थांबलं. आमच्या घरात आधी बाथरूममधून आलं, मग समोरच्या दारातून. पूर्वेच्याच. मंदा पलंगावर पीठ-तांदूळ चढवत म्हणाली, "तुमच्या वाट्याचं पाणी आलं पाहा. घ्या मोजून." सगळी नगरी गुडघाभर, खालच्या अंगाला कंबरभर. आणि त्या टोकाला, दगडावर, उंच, कोरडं, तुझं घर. फाटकावर दिवे लागलेले.

दुपारी आम्ही सगळे तुझ्या फाटकाशी आलो. तुझ्या घराची आणि कंपाउंडची भिंत फोडली की पाणी निघणार होतं, हे आता शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तू खाली आलास. पाण्यात उतरलास. पँट वर केलेली, पांढऱ्या पिंडऱ्या. मी पुढं होतो, कारण मी भाऊ. लोकांनी मला त्यासाठीच पुढं केलं होतं. जेवण उशिरा होतं ना.

"वासू, सांडवा मोकळा कर."

"पाणी उतरन. चोवीस घंटे द्या."

"कुठून उतरन? तुह्या घरातून तं रस्ता आहे."

"गज्या, गोष्ट नको बनवू."

"गोष्ट नाही बनवून राहिलो. काकाजीनं सांगतलं होतं तुले..."

तिथंच तू छातीवर हात ठेवलास. मला वाटलं नाटक करतो. तू नाटकी होतास, ग्रामसभेत दोनदा चक्कर आणली होतीस. म्हणून मी वाक्य पुढं चालू ठेवलं, आणि तू फाटकाला धरून खाली बसलास, पाण्यात, आणि तुझ्या शर्टाचा खिसा पाण्यावर तरंगला. आता खानदानात म्हणतात की गजाभाऊच्या बोलण्यानं माणूस मेला. जेवताना म्हणतात. मी भाजी वाढून घेतो.

अँब्युलन्स हायवेवर उभी राहिली. आतल्या रस्त्यावर पाणी, पाळीवर तुझे अशोक आणि तुझी बाकडी. कोणीतरी ट्रॅक्टर आणला. ट्रॉलीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ट्रॅक्टर इतक्या हळू चालला होता की लोक आपापल्या गच्चीवरून आपल्याकडं पाहत होते. एकानं वरून विचारलं, "भिंतीचं काय ठरलं?" त्याला तू दिसला नसशील. असं मी धरून चालतो. हायवे दिसायला लागला तेव्हा तुझं डोकं जड झालं. मी ड्रायव्हरला काही बोललो नाही. तो नीट चालवत होता.

तुझ्या प्रेताला लोक कमी आले, वासू. ज्यांचे हप्ते तू सांभाळून घेतलेस, वास्तूला ज्यांच्या घरी चांदीचा गणपती नेलास, ते गच्चीवर सतरंज्या वाळवत होते. तिरडी पाळीवरून नेताना मागं एकजण दुसऱ्याला म्हणाला, "गेला तं गेला, भिंत ठेवून गेला." मी वळून पाहिलं. ओळखीचा होता. त्याच्या घरात माझ्यापेक्षा जास्त पाणी होतं.

पाणी तुझ्या जाण्यानं उतरलं नाही. आणि मोबाईलवर पुन्हा मोठ्या पावसाचा इशारा आला. आता तुझ्या हॉलमध्ये दिवा होता, दहाव्यापर्यंत तेवत ठेवायचा, जागेवरून हलवायचा नाही. आणि जेसीबीला जायचं होतं ते बरोबर त्याच हॉलमधून, सांडव्याच्या तोंडातून. पाळ दुसरीकडे फोडा म्हणावं तर मातीची पाळ एकदा फुटली की फाटत जाते, आणि तिकडं खाली वस्ती आहे. दगड फक्त तुझ्या घराखाली.

लांजेवार गुरुजी तुझ्या बायकोसमोर, सुनंदावहिनीसमोर, हात जोडून उभे राहिले. "बाई, मले लाज वाटते. पण बुढी वर खाटेवर आहे, जिना उतरवता येत नाही. अजून पाणी चढलं तं मी तिले कुठं नेऊ?"

वहिनी दिव्यात तेल घालत होत्या. वर पाहिलं नाही. "दहावं होऊ द्या."

"पाऊस उद्याचा सांगतला आहे, बाई."

"मंग तुमच्या पावसाले सांगा, दहावं होऊ द्या म्हणा."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा पुढं. मी म्हणालो, "वहिनी, नुसती भिंत आहे..."

"भाऊजी, तुम्ही नका बोलू," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलले की माणूस जाते."

त्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. मंदानं मला बाहेर नेलं. बाहेर ढग तुझ्या पाण्याच्या टाकीपर्यंत उतरले होते आणि गच्च्यांवरची माणसं आमच्या तोंडाकडं पाहत होती, काय ठरलं म्हणून.

काकाजी खुर्चीवरून उठले तेव्हा मला वाटलं लघवीला चालले. ते दिव्यापाशी गेले. गुडघे त्यांचे वाकत नाहीत, म्हणून काठी टाकली आणि आधी एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा. लेकरू रांगते तसे. दिवा दोन्ही हातांत घेतला.

वहिनी ओरडल्या, "बाबा, हालवू नका! त्याइची वाट चुकन!"

"नाही चुकत," काकाजी म्हणाले. "सांडवा आहे. पाण्यासंगं जाईन सिधा."

मी त्यांना धरून उठवलं. कानाशी म्हणालो, "काकाजी, सांडव्याच्या खाली तुमचं धान उभं आहे. नाला तं प्लॉटात बुजला. हे सगळं पाणी तुमच्याच बांध्यात जाईन."

"मंग काय, तुह्या बांध्यात जाईन? तुले बांधी आहे काय?" त्यांनी दिवा वहिनींच्या हातात दिला. "घे बाई. पदराखाली धर. हवा आहे."

जेसीबी आला तो तुझे अशोक मोडत आला. बाकडी बाजूला फेकली. दोन दिवसांआधी हेच केलं असतं तर अँब्युलन्स दारापर्यंत आली असती, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो कोणाला सांगितला नाही. तुला सांगतो. कंपाउंड पहिल्याच धक्क्यात पडलं. भिंतीला वेळ लागला. तू सिमेंट चांगलं वापरलं होतंस रे, तेवढं मानावं लागेल, स्वतःच्या घराला. टीव्ही आम्ही काढला होता. घड्याळ राहिलं, ते लोखंडी दातात अडकून चालूच होतं. मग हॉलची फरशी उखडली, भरण निघालं, आणि खाली पणजोबांचे दगड दिसले. काळे, एकाला एक लागून, आज बसवल्यासारखे. तुझा दिवा होता त्या जागेवरूनच पाण्याची पहिली धार गेली. पीठ होतं तिथून. आधी मनगटाएवढी, मग मांडीएवढी, मग हॉल भरून, पुढच्या दारातून आत आणि मागच्या भिंतीतून बाहेर, पाहुण्यांची रांग लागावी तशी. खाली काकाजींचं निसवलेलं धान त्या पाण्यापुढं आडवं होत गेलं, एक बांधी, मग दुसरी. काकाजी त्याकडं पाठ करून उभे होते.

आणि टाळ्या वाजल्या, वासू. आधी एका गच्चीवरून, मग सगळ्या गच्च्यांवरून. कोणी शिट्टी मारली. गुरुजींच्या खिडकीतून त्यांची म्हातारी हात हलवत होती, तिला काय वाटलं कोण जाणे, वरात वाटली असेल. पाणी पायऱ्यांवरून उतरताना दिसत होतं, एक पायरी, दुसरी पायरी. माझ्या ओट्याची कड वर आली, चिखलानं माखलेली. कोणीतरी माझा हात घट्ट पकडला. पाहतो तर मंदा. ती माझ्या हाताकडं पाहत होती. मी पण वाजवून राहिलो होतो.

तुझ्या फाटकाचा एक खांब तेवढा उभा होता. त्याच्याशी सुनंदावहिनी, पदराखाली दिवा. त्यांनी सगळ्या गच्च्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"टाळ्या काहून वाजवून राहिले, भाऊजी?"

माझ्यासारख्या माणसाला त्या वेळी एक गोष्ट सुचायला हवी होती. "पाणी निंगालं, वहिनी," एवढंच म्हणालो.

त्यांनी पाण्याकडं पाहिलं. मग मंदानं धरून ठेवलेल्या माझ्या हाताकडं.

"मंग वाजवा ना," त्या म्हणाल्या. "थांबले कायले?"